आरोळीच्या आधीचा शब्द

स्टॉक

शालनबाईंनी ताटात आमटी वाढली आणि मीठ बरोबर आहे का, असे नवऱ्याला विचारले. हिंदुराव शेळक्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला, सावकाश चावला, आणि त्यानंतर त्यांच्या छातीवर लटकणाऱ्या कापडी पिशवीत कुणीतरी बसून विचार करत असल्यासारखी शांतता पसरली. शालनबाई तव्याकडे वळल्या, तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली, ती एका कडेने फुगू लागली, आणि आपण काही विचारले होते हेही त्या विसरून गेल्या, तेव्हा पिशवीतून स्वच्छ, खर्जातला, अगदी हिंदुरावांचाच आवाज आला.

"आमटी चांगली झाली आहे. कृपया थोडे मीठ द्यावे."

शालनबाईंनी नवऱ्याकडे बघितलेच नाही. त्यांनी लेकीकडे बघितले.

"संयू, हे कुणाचं मानूस आणून बसवलंस गं माझ्या घरात?"

ओव्हरक्लॉक

तीच आमटी. तोच घास.

"मीठ न्हाई."

"हाय की."

"कुठं हाय?"

"डबा हाय पुढ्यात. घ्या."

"उजवा हात उचलत न्हाई म्हंतोय मी—"

"डावा कुणाला दिलाय?"

हिंदुराव हसले. हसू पिशवीतून आले नाही, गळ्यातून आले. अर्धांगाचा झटका आल्यापासूनचे पहिले. शालनबाईंनी मिठाचा डबा त्यांच्यापुढे आदळला. दुसरी भाकरी थापायला घेतली. गरजेपेक्षा जास्त जोरात थापली.

भिंतीला टेकून बसलेल्या संयोगिताने मांडीवरच्या लॅपटॉपकडे पाहिले. उष्णतेची रेघ चढत होती. तिने बोर्डाचा वेग खाली आणला. हिंदुरावांचे पुढचे वाक्य वाटेत होते, ते मग बराच वेळ थांबून, मोठ्या अदबीने बाहेर आले.

"तुमच्या हातचा स्वयंपाक मला नेहमीच आवडतो."

"चढव बाई परत," शालनबाई म्हणाल्या. "ह्या मानसाची मला भीती वाटती."

स्टॉक म्हणजे काय, ओव्हरक्लॉक म्हणजे काय

झटक्याने हिंदुरावांची वाचा नेली होती, भाषा नेली नव्हती. मेंदूत शब्द तयार होत होते. जिभेला, ओठांना, घशाला द्यायचे हुकूमही निघत होते. ते फक्त वाटेत हरवत होते. डॉक्टरांनी, जिथून हे हुकूम निघतात त्या मेंदूच्या पृष्ठभागावर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी बसवली. जाळी हुकूम टिपते आणि छातीवरच्या मदरबोर्डाला पाठवते. त्यांवरून हा माणूस कोणता शब्द उच्चारू पाहतो आहे याचा अंदाज बोर्ड बांधतो, आणि त्या माणसाच्या जुन्या ध्वनिफितींवरून तयार केलेल्या आवाजात तो शब्द बोलतो.

अंदाज बांधण्याचे काम अवाढव्य असते. प्रत्येक हुकुमासरशी शेकडो शब्द उमेदवार म्हणून उभे राहतात, बोर्ड त्यांना तपासतो, बाद करतो आणि खात्री झाली की एकाला बाहेर सोडतो. यात वेळ जातो. वेळ कमी पडू नये म्हणून कंपनीने बोर्डात पुस्तकी भाषेचे छोटे मॉडेल ठेवले होते. हिंदुरावांच्या स्वतःच्या बोलीचे मोठे मॉडेल तयार होते, पण ते पेलायला जास्त वेग लागे.

आणि वेग बांधलेला होता. कारखान्यातून निघालेल्या कुठल्याही दोन चिप सारख्या नसतात. एक जरा दमदार निघते, एक जरा लवकर थकते. कंपनी सगळ्यात अशक्त चिप डोळ्यांपुढे ठेवते आणि तिला झेपेल तो वेग सगळ्यांना लावते. हा स्टॉक वेग. तालमीतल्या सगळ्यात लहान पोराला जमतील तेवढ्याच जोर-बैठका सगळ्या पैलवानांनी काढायच्या, असा हा नियम. आपल्या हातातल्या चिपची खरी ताकद किती हे शोधून काढायचे आणि तिला तिथवर पळवायचे, याला ओव्हरक्लॉक म्हणतात. त्यासाठी विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि वेग चतकोर वाढला तर उष्णता दुप्पट वाढते. टेबलावरच्या संगणकाला मोठा पंखा लावता येतो. माणसाच्या छातीवर तो लावता येत नाही. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे बोर्ड तापला की कातडी भाजू नये म्हणून तो आपला आपण स्टॉकवर उतरतो.

संयोगिता हिंदुरावांची एकुलती एक मुलगी. पुण्यात याच कंपनीत मदरबोर्ड तपासायची. कौतुक सगळे प्रोसेसरचे करतात, पण त्याला वीज पुरवणारा, शिव्या खाणारा आणि तरी उभा राहणारा बोर्डच असतो, असे तिचे मत होते आणि ते ती जेवणाच्या सुट्टीत न विचारताही सांगत असे. एकच बोर्ड, एकच माणूस, स्टॉकवर कसा बोलतो आणि ओव्हरक्लॉकवर कसा, याची तुलना करायचे काम तिने मागून घेतले होते. माणूस तिचा बाप आहे, हे तिच्या वरिष्ठ खासनीस मॅडमना माहीत होते. त्यांनी परवानगी दिली, अट घातली. पेशंटने न म्हटलेला शब्द पेशंटच्या तोंडून निघता कामा नये. स्टॉकवर अशी चूक जवळजवळ होतच नव्हती. ओव्हरक्लॉकवर ती जास्त झाली, तर हा विषय सगळ्याच पेशंटांसाठी बंद.

मैदान काय मागते

बोरबनच्या चैत्री यात्रेतल्या कुस्ती मैदानाचे निवेदन तीस वर्षे हिंदुरावांकडे होते. निवेदन म्हणजे नावे वाचून दाखवणे नव्हे. डोंगराच्या उतारावर हजारोंनी माणूस बसते. पुढच्या चार रांगांना कुस्ती दिसते, बाकीच्यांना ती ऐकू येते. डाव डोळ्याचे पाते लवायच्या आत होऊन जातो. त्या क्षणात निवेदकाने डावाचे नाव घेतले पाहिजे. नाव कर्ण्यातून निघाले की मागच्या रांगा डोळे बारीक करतात, त्यांना तो डाव दिसतो, आणि मग आरोळी उठते. शब्द आधी, आरोळी नंतर. शब्द आरोळीच्या मागून आला, तर निवेदक नुसता पंचनामा करतो.

गेली दोन मैदाने निवेदनाविना झाली होती. यंदा कमिटीने संगणकी निवेदक ठरवला होता. कमिटीचे अध्यक्ष सर्जेराव पवार चहाला आले तेव्हा त्यांनी हे आडपडदा न ठेवता सांगितले. तो संगणक बिनचूक होता. शेजारच्या गावात त्यांनी तो ऐकला होता. तो बोलायला लागला की लोक उठून भेळ खायला जात होते.

"हिंदुअण्णा, मान तुमचाच," सर्जेराव म्हणाले. "आमी संगणक रद्द करतो. पण मैदानात शिळा शब्द चालत न्हाई, हे तुमीच आमाला शिकिवलंय."

बोर्ड तेव्हा स्टॉकवर होता. सर्जेरावांचा चहा संपून कप खाली ठेवला गेला, मग उत्तर आले. हिंदुरावांनी त्यांना तालमीत येऊन परीक्षा घ्यायला सांगितले होते. पाहुण्याला जेवायला बोलवावे तितक्या सभ्यपणे.

निकाल, पहिला

घरच्या ओसरीवर संयोगिताने पडदा लावला, जुन्या मैदानांची चित्रणे दाखवली आणि बापाला निवेदन करायला लावले. घड्याळ लावायची गरज नव्हती. मोजमाप चित्रणातच होते.

स्टॉक. आरोळी, मग शब्द.

स्टॉक. आरोळी, मग शब्द.

स्टॉक. आरोळी, आरोळी विरली, हलगी बदलली, मग शब्द.

ओव्हरक्लॉक. शब्द, मग आरोळी.

ओव्हरक्लॉक. शब्द, मग आरोळी.

ओव्हरक्लॉक. शब्द. वाट. वाट. आरोळी.

तिने तो शेवटचा निकाल पुन्हा चालवून पाहिला. बाप आरोळीच्या पुढे पळत होता. ती ओसरीवरून आत गेली आणि आईला उचलायचा तिने प्रयत्न केला. शालनबाईंनी तिला हातातल्या उलथन्याने बाजूला केले.

तालीम

संध्याकाळी तालमीत दिवे लागले होते. कमिटी बाकावर बसली होती, गावातली तीसेक माणसे भिंतीकडेने उभी होती. पहिल्या जोडीने हात मिळवले. हिंदुराव छातीवरची पिशवी सारखी करून बोलू लागले. ओव्हरक्लॉक. खणखणीत. लोकांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या.

जोडी एकमेकांभोवती फिरू लागली. हात झटकले जात होते, मान धरली जात होती, सुटत होती. संयोगिताच्या पडद्यावरची रेघ चढली. घरी कधी चढली नव्हती इतकी चढली. एकाने मागे जाऊन दुसऱ्याला खाली घेतले. रेघ लाल झाली आणि बोर्ड स्टॉकवर उतरला.

त्यानंतर घडले ते सावकाश घडले, म्हणजे पिशवीपुरते सावकाश घडले. खालच्या पैलवानाची मान अडकली, तो गरकन फिरला, त्याची पाठ मातीला लागली, भिंतीकडेच्या माणसांनी आरोळी दिली, जिंकणारा उठला, हरणाऱ्याने पाठीवरची माती झटकायला सुरुवात केली, आणि माती बरीचशी झटकून झाल्यावर हिंदुरावांच्या त्याच प्रसिद्ध आवाजात तालमीला कळवण्यात आले:

"पैलवानांनी घिस्सा हा डाव यशस्वीरीत्या लावला आहे."

लोक हसले. दुष्टपणे कुणी हसले नाही, हे जास्त वाईट होते. सर्जेराव हसले नाहीत. हिंदुरावांनी डाव्या हाताने पिशवी गळ्यातून काढली, बाकावर ठेवली आणि ते भिंत धरत धरत घरी निघाले. मैदानाला आठवडा उरला होता.

निकाल, पहिला (रद्द)

संयोगिताची चूक साधी होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. तिने बापाला जुन्या कुस्त्या दाखवल्या. ज्या माणसाला तीस वर्षांतली प्रत्येक कुस्ती पाठ आहे, कुणी कुणाला कोणत्या डावावर पाडले हे जो झोपेतून उठवले तरी सांगेल, त्याला. त्याला पुढचा डाव ठाऊक होता. मेंदूतून एकच हुकूम निघत होता, ठाम आणि वेळेआधी. बोर्डाला अंदाज बांधावाच लागत नव्हता, म्हणून तो थंड होता. बापाची स्मरणशक्ती मोजून ती बोर्डाची पाठ थोपटत बसली होती.

जिवंत कुस्तीत तसे नसते. पैलवान वाकला की निवेदकाच्या डोक्यात चार डाव एकदम उठतात. एकेरी पट, म्हणजे पायाला हात? घिस्सा? ढाक? कलाजंग? चारही शब्दांचे अर्धे अर्धे हुकूम निघतात. बोर्ड चारही तपासत बसतो, खात्री होईपर्यंत तोंड उघडत नाही, तापतो आणि स्टॉकवर आपटतो.

उपाय तिला सुचला होता, आणि तो तिला आवडला नव्हता. खात्री करणे सोडून द्यायचे. शब्द तपासायचा नाही, नुसते आवाज बोलायचे. मेंदूने "ढा" म्हटले की बोर्डाने "ढा" म्हणायचे, पुढे काय येते याची वाट न बघता. काम कमी, उष्णता कमी, बोलीही त्यांची स्वतःची. खडाखडीत, म्हणजे जोडी नुसती अंदाज घेत फिरत असते तेव्हा, स्टॉक वेगही पुरेल. ओव्हरक्लॉक फक्त डावाच्या झटापटीत. घाईने बोलण्याआधी मेंदूचे हुकूम एकमेकांजवळ येतात, दाटतात. ते दाटू लागले की आधी विजेचा दाब चढवायचा, मग वेग. दाब वेगाच्या मागे राहिला तर चिप कोलमडते. हे बोर्डाचे काम, आणि बोर्ड तिचा प्रांत होता.

पण तपासणी गेली की अर्धे शब्द बाहेर पडणार. चुकीचे शब्द बाहेर पडणार. तिने खासनीस मॅडमना फोन केला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले. मैदानाच्या दिवसापुरती परवानगी दिली. मी स्वतः येते, म्हणाल्या, आणि चुका मीच मोजते.

घरचे मत

हिंदुरावांनी नकार दिला. पिशवी परत गळ्यात घालायलाच लेकीला दोन दिवस विनवावे लागले होते. घातल्यावर बोर्डातून आलेले पहिले वाक्य असे: मी तीस वर्षांत एकही डाव चुकीचा सांगितलेला नाही, आणि आता सांगणार नाही.

शालनबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी आयुष्यात एकदाही मैदान पाहिले नव्हते. बायका जात नसत तेव्हा. पण कर्णे देवळाच्या शिखराला बांधलेले असत आणि गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत आवाज येई. तीस वर्षे त्यांनी प्रत्येक कुस्ती स्वयंपाकघरातून ऐकली होती.

"कुनी सांगितलं तुमाला, चुकत नव्हता म्हणून?" त्या म्हणाल्या.

हिंदुरावांनी मान वळवली.

"ढा— म्हनायचा, आन् गिळायचा. लगीच घिस्सा म्हनायचा. असा दाबून म्हनायचा की आदला शब्द कुनाच्या कानात ऱ्हायचाच न्हाई. मैदानात बसल्याल्यांना कळत नव्हतं. त्यांचं डोळं कुस्तीकडं. मला डोळं नव्हतंच ना तिथं. मी नुसती ऐकायची. दर कुस्तीला दोन-तीन येळा गिळायचा तुमी."

शालनबाईंच्या आणखी तीन पाकळ्या सोलून झाल्या.

"हे असत्य आहे," पिशवी म्हणाली.

"बघ," शालनबाई लेकीला म्हणाल्या, "खोटं बोलायचं तरी ह्यो डबा शुद्ध बोलतोय."

संयोगिताला मात्र हसू आले नाही. बापाच्या आवाजाचे मॉडेल तयार करताना जुन्या ध्वनिफिती तिनेच साफ केल्या होत्या. खोकला काढला, हलगी काढली, आणि ते प्रत्येक तुटके अक्षरही काढले. बापाचा आवाज निर्मळ व्हावा म्हणून. तिने न साफ केलेली मूळ फीत शोधली आणि लावली. ओसरीवर हलगी वाजू लागली, आणि ऐन उमेदीतले हिंदुराव कडाडले. ढा—, घिस्सा. एके—, ढाक. शब्द तुटत होते आणि तुटलेल्या टोकावर पाय देऊन पुढचा शब्द उडी मारत होता.

हिंदुराव फीत संपेपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी डावा हात लेकीपुढे केला, तळवा वर. लेकीने तो धरला. त्यांनी सोडवून घेतला आणि बोटाने पिशवीकडे खूण केली. कर तुला काय करायचंय ते.

स्टॉक

बोरबनच्या मैदानात शेवटच्या जोडीची सलामी झाली तेव्हा ऊन कलले होते, उतारावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि बायकांसाठी राखलेल्या भागात शालनबाई डोक्यावरचा पदर सारखा करत, हातातल्या कागदाने वारा घेत बसल्या होत्या. गावचा रणवीर खोत आणि मिरजेकडचा सुदर्शन माने एकमेकांभोवती फिरू लागले, हलगीवाला रमतगमत वाजवू लागला, आणि हिंदुराव रमतगमत बोलू लागले. खोताच्या आज्याने याच मातीत कुणाला पाडले होते ते त्यांनी सांगितले, मान्याचा वस्ताद किती कडक आणि त्याची म्हैस किती कडक हे सांगितले, लोक हसले, आणि शब्द किंचित मागून येत होता तरी कुणाला त्याची घाई नव्हती. स्टेजच्या मागे संयोगिताच्या पडद्यावरची रेघ तळाशी शांत पडून होती. शेजारी खुर्चीवर खासनीस मॅडम कानाला हेडफोन लावून, समोर चुकांचा तक्ता उघडून बसल्या होत्या. दिवसभराच्या कुस्त्या सरळ, एकेका डावात निकाली झाल्या होत्या, आणि त्यांनी अजून पेन उचलले नव्हते.

ओव्हरक्लॉक

मान्याने मान धरली. हुकूम दाटले. दाब चढला. वेग चढला.

"मान धरली, सुटली, खोत मागं, मागं, लांगंला हात—"

लंगोटावरून सुटला हात. दोघे उभे.

स्टॉक

पुन्हा फिरणे. हलगी सैलावली, रेघ उतरू लागली, हिंदुरावांनी पुढे बसलेल्या कुणाला तरी टोपी काढायला सांगितली, मागच्यांना दिसत नाही म्हणून. संयोगिताने श्वास सोडला. बोर्ड पहिल्या चढाईत तापला होता, पण उतरत होता. दुसरी चढाई झेपेल. तिसरी झेपेल का, हे तिला सांगता आले नसते. तिने बोटे कीबोर्डवरून उचलली आणि मांडीखाली घातली. आता तिने करण्यासारखे काही उरले नव्हते. मैदान बापाचे होते.

ओव्हरक्लॉक

दुसरी चढाई. मान्याने ढकलले. खोत रेटला गेला, कडेपर्यंत. पंच मध्ये. परत आत. रेघ अर्ध्यावर. उतरायला वेळ नाही.

तिसरी.

खोत खाली गेला. हात मान्याच्या पायाकडे. हिंदुराव खुर्चीतून उठले. डावा हात माइकवर.

"एकेरी प—"

पाय नव्हे. खांदा. खोताचा खांदा मान्याच्या पोटाखाली. रेघ लाल रंगाच्या अगदी खाली.

"कलाजंग. कलाजंग घातली, माने उचलला, आभाळ दाखिवलं—"

आरोळी.

उतारभर. देवळापर्यंत. मान्याची पाठ मातीला लागली ती त्या आरोळीत.

"—पाठ लागली. पाठ लागली, खोत ऽ ऽ ऽ खोत."

रेघ लाल झाली नाही. टेकली, थांबली, उतरली.

निकाल

खोताला खांद्यावर घेऊन लोक नाचत होते. सर्जेराव स्टेजवर चढले, आपल्या डोक्यावरचा फेटा त्यांनी काढला आणि हिंदुरावांच्या डोक्यावर ठेवला. तो तिरका बसला. बायकांच्या भागात शालनबाई शेजारणीला सांगत होत्या की कलाजंग अशी असते होय, त्यांनी तर इतकी वर्षे निराळीच धरली होती, आणि त्यांची जास्त चांगली होती.

स्टेजच्या मागे खासनीस मॅडमनी हेडफोन खाली ठेवला. कुस्तीतले त्यांना काही कळत नव्हते, आणि तरी शेवटच्या क्षणी त्या खुर्चीवरून उठल्या होत्या, हे त्यांच्या उशिरा लक्षात आले. त्या पुन्हा बसल्या. पेन उचलले.

"एकेरी प," त्यांनी वाचून दाखवले. "हा शब्द चुकला."

"हो मॅडम."

"पेशंटने न म्हटलेला शब्द बोर्डाने म्हटला."

संयोगिताने पडदा त्यांच्याकडे फिरवला. जाळीने टिपलेले मूळ हुकूम तिथे एकाखाली एक होते. ए. के. री. प. मग तोडलेली जागा. मग क, ला, जं, ग. बोर्डाने एकही आवाज पदरचा घातला नव्हता, एकही गाळला नव्हता. खोत पायाला हात घालतोय असे हिंदुरावांना वाटले, ते त्यांनी म्हटले. नाही घालत असे दिसले, तेव्हा त्यांनी ते मध्येच टाकले आणि दुसरे म्हटले. आरोळीच्या आधी.

मॅडमनी हुकूम खालपर्यंत वाचले, आणि परत वरून.

"मग ही चूक कुणाची लिहू मी?"

"माझ्या आबांची," संयोगिता म्हणाली. "त्यांची स्वतःची आहे."

तक्त्यात दोनच रकाने होते, स्टॉक आणि ओव्हरक्लॉक. बोलणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या चुकांसाठी रकाना कुणी ठेवलाच नव्हता. स्वतः चुकणारा माणूस तक्ता करणाऱ्यांनी गृहीत धरलाच नव्हता. खासनीस मॅडमनी ओव्हरक्लॉकखाली शून्य लिहिले. मग पट्टी न घेता, हातानेच, शेजारी तिसरा रकाना आखला, त्याच्यावर हिंदुराव शेळके असे नाव घातले आणि त्याच्याखाली एक लिहिला.

त्यांचे पेन कागदावर असतानाच बाहेर पुन्हा आरोळी उठली. लोकांच्या आग्रहावरून दोन वस्ताद प्रदर्शनाला उतरले होते. डाव कोणता पडला ते मॅडमना आरोळी विरायची वाट बघून विचारावे लागले नाही. त्यांनी तो आधीच ऐकला होता.